पडण्याचा धोका आधी ओळखता येतो का?

पासष्टी ओलांडलेल्या दर तीन माणसांमागे साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांबद्दल हे म्हटलेलं नाही. आपल्या घरी राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसांचं हे प्रमाण आहे. बऱ्याचदा खरचटण्यावर निभावतं. पण खुब्याचं हाड मोडलं, तर पूर्वीसारखं चालणं अनेकांना पुन्हा जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात, आणि त्यांत साठीपुढच्या माणसांची संख्या सर्वांत मोठी असते.

‘वय झालं, आता पडायचंच’ असं म्हणून हा विषय मिटवला जातो, ते मला मुळीच पटत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या ३३६ जणांची आधी तपासणी केली आणि मग वर्षभर त्यांची खबर ठेवली. ३२ टक्के लोक पडले. झोपेची किंवा गुंगीची औषधं, मंदावलेली आकलनशक्ती, पायांतला अशक्तपणा, चालण्यातले आणि तोलातले दोष, तळपायाच्या तक्रारी असे धोक्याचे घटक त्यांनी मोजले होते. ज्यांच्यात एकही घटक नव्हता, त्यांच्यातले ८ टक्के पडले. चार किंवा अधिक घटक असलेल्यांत हे प्रमाण ७८ टक्के होतं. सगळेच पंचाहत्तरीपुढचे, तरी धोक्यात जवळजवळ दहापट फरक!

असं का होतं? आपण नुसते उभे असतो तेव्हाही डोळे, अंतर्कर्ण, तळपाय आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात, आणि मेंदू त्यानुसार स्नायूंना आवळत-सोडत असतो. यातली एक बाजू लंगडी पडली, तर बाकीच्या तिला सांभाळून घेतात. दोन-तीन बाजू एकदम कमकुवत झाल्या, की सांभाळून घ्यायला कोणी उरत नाही. मग सतरंजीची दुमडलेली कडही पुरते.

हा धोका मोजायची सर्वांत परिचित चाचणी १९९१ सालची आहे. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर सावध व्हावं असा एक निकष आहे. चाचणी सोपी आहे, पण घरी राहणाऱ्या धडधाकट वृद्धांबाबत ती एकटी फार विश्वासार्ह नाही. वेळेत परत येऊन बसणारेही पुढे पडतात.

मला त्याहून बोलकं वाटतं ते १९९७ मधलं एक स्वीडिश निरीक्षण. वृद्धांसाठीच्या निवासांत राहणाऱ्यांशी चालता चालता बोलायला सुरुवात केली, तेव्हा काही जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत या थांबणाऱ्यांतले बहुतेक जण पडले. ज्याला पाऊल टाकण्यासाठीच सगळं लक्ष लावावं लागतं, त्याला बोलण्यासाठी लक्ष शिल्लक राहत नाही.

मात्र सर्वांत उपयोगी साधनाला स्टॉपवॉचही लागत नाही. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना डळमळल्यासारखं होतं का? पडण्याची भीती वाटते का? वृद्धांचं पडणं टाळण्यासाठीच्या २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही सुरुवात अशाच विचारण्यापासून होते. वर्षात दोनदा पडणं, पडून दुखापत होणं, पडल्यावर स्वतःहून उठता न येणं किंवा शुद्ध हरपणं, यांतलं काहीही असेल तर धोका थेट ‘जास्त’ धरतात. अडचण एवढीच, की माणसं हे लपवतात. एकट्यानं बाहेर जाणं बंद होईल, या धास्तीनं घरच्यांनाही सांगत नाहीत. म्हणून ‘पडत नाही ना?’ असं विचारू नये, कारण त्यावर ‘नाही’ हेच उत्तर सोयीचं असतं. घसरलात, तोल जाऊन खाली बसलात, काही लागलं नाही, असं कधी झालं का, असं विचारावं.

भीतीचा प्रश्नही वरवरचा नाही. सिडनीत ७० ते ९० वर्षांच्या ५०० जणांची शारीरिक क्षमता आणि त्यांना स्वतःला वाटणारी भीती ताडून पाहिली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत या दोन्हींचा मेळ बसला नाही. शरीर ठीक असूनही घाबरणाऱ्यांना भीतीच घातक ठरू शकते: माणूस हालचाल कमी करतो, स्नायू झडतात आणि धोका खरोखरच वाढतो.

धोका ‘जास्त’ आहे एवढंच सांगून थांबणारं भाकीत माझ्या मते अर्धवट आहे. वय बदलता येत नाही. बाकी बरंच काही बदलता येतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर डॉक्टरांना औषधांचा फेरविचार करता येतो. झोपेच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्यानं हळूहळू कमी करता येतात. मोतीबिंदू काढता येतो. आणि व्यायामाचा पुरावा तर भक्कम आहे: २०१९ मध्ये १०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्यातही तोल सांभाळण्याचा आणि उठण्याबसण्यासारख्या रोजच्या हालचालींचा सराव खास उपयोगी ठरला. नुसतं चालणं त्याची जागा घेईल याला तसा पुरावा मिळाला नाही.

धोका कमी निघाला तरी तपासणी दर वर्षी पुन्हा करायची असते. मध्येच एखादं नवं औषध सुरू झालं, किंवा आजारपणात आठवडाभर झोपून राहावं लागलं, तर वर्षभरही थांबू नये.