लाइव्ह रेकॉर्डिंगमधला बेस रोल-ऑफ : वादामागची पार्श्वभूमी

मायक्रोफोनवरचा बेस रोल-ऑफचा, म्हणजे बेस (खर्जाचे सूर) कमी करणारा, इवलासा खटका लावायचा की नाही, यावरून लाइव्ह रेकॉर्डिंग करणाऱ्यांत अजूनही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, रेकॉर्डिंग फ्लॅटच, म्हणजे काही न कापता, करा, बेस काय, घरी जाऊन संगणकावर कापता येतो. दुसरा म्हणतो, घरी न्यायला धड काही उरलं तर कापाल ना! दोघांचंही खरं आहे, पण वेगवेगळ्या काळापुरतं.

बेसशी भांडण तसं जुनं. तबकडीच्या खाचेत खर्जाचे सूर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी नागमोडी होते की शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून कोरताना बेस दाबायचा आणि वाजवताना तेवढाच उचलायचा, ही रीत १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रणाबरोबर रुळली. १९५४ मध्ये तिचं ठरावीक प्रमाण झालं. रिबन मायक्रोफोनची (आत धातूची पातळ पट्टी असलेल्या) अडचण वेगळी होती. त्याच्या जवळ जाऊन बोललं की आवाज घुमतो, म्हणून काही मायक्रोफोनांवर ‘एम’ आणि ‘व्ही’ अशा खुणा आल्या. व्ही म्हणजे बोलणं, बेस कमी. एम म्हणजे संगीत, बेस पूर्ण. थोडक्यात, हा फिल्टर संगीतासाठी नाही अशी पाटी जन्मापासूनच त्याच्यावर लागली. नंतरच्या पूर्वग्रहाचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

नावांचा घोळही वादाला खतपाणी घालतो. बेस रोल-ऑफ, लो कट आणि हाय पास ही एकाच कामाची तीन नावं. ‘हाय पास’ वाचून वरचे सूर कापले जातील या भीतीने खटका न लावणारे नवशिके कमी नाहीत. त्याहून मोठी फसगत आकड्याची. ‘१६० हर्ट्झ’ लिहिलंय म्हणजे १६०च्या खालचं सगळं गायब, असा समज पक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात त्या जागी आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो, एवढंच. तिथून पुढे उतार किती, ते पाहायचं. सप्तकाला, म्हणजे हर्ट्झचा आकडा दर वेळी निम्मा झाला की, ६ डेसिबल असा साधा उतार असेल (तो हळूहळू पूर्ण लागतो) तर ८० हर्ट्झवर ७ डेसिबल जातात आणि ४० वर सुमारे १२. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ती ४१ हर्ट्झवर. म्हणजे तीसुद्धा ऐकू येतेच, फक्त मागे सरकते. उलट ८० हर्ट्झचा पण सप्तकाला १८ डेसिबलचा फिल्टर त्याच तारेवर १७-१८ डेसिबल खातो. आकडा निम्मा, काप जास्त! पहिल्याला उतरण म्हणावं आणि दुसऱ्याला काप, पण बोलताना दोन्ही ‘रोल-ऑफ’च.

हा खटका खऱ्या अर्थाने वादात आला तो प्रेक्षकांत बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यांमुळे. १९८४ मध्ये एका अमेरिकी बँडने अशा श्रोत्यांना बसायला वेगळी जागाच देऊन टाकली होती. १९८७ मध्ये डॅट (डिजिटल टेप) आणि १९९२ मध्ये मिनिडिस्क (छोटी डिजिटल चकती) आल्यावर यंत्र खिशात मावू लागलं आणि कॉलरला दोन छोटे इलेक्ट्रेट (थोड्या विजेवर चालणारे) मायक्रोफोन लावून लोक उभे राहू लागले. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. भिंतीलगत किंवा बाल्कनीखाली ती साचते. मीटर नाचायचा तो जवळजवळ सगळा तिच्यामुळेच. पातळी कमी करावी तर गायकाचा आवाज तळाशी जायचा, आणि या यंत्रांच्या १६ बिटांच्या डिजिटल नोंदीत तळाशी, हळू आवाजासाठी, फार जागा नव्हती. कित्येक यंत्रांत तर मायक्रोफोनचा प्रीअॅम्प (त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) पातळीच्या नियंत्रणाआधीच हात टेकायचा. मीटर लाल रेषेला शिवलेलासुद्धा नाही, आणि रेकॉर्डिंग मात्र फाटलेलं.

त्यावरचा तोडगा म्हणजे मायक्रोफोन आणि रेकॉर्डरच्या मध्ये लावायचा, मायक्रोफोनला वीज देणारा बॅटरी बॉक्स. काड्यापेटीहून थोडा मोठा डबा, आत ९ व्होल्टची बॅटरी, दोन सॉकेट आणि काहींवर रोल-ऑफचा सरकता खटका. या खटक्यामागे बहुधा प्रत्येक बाजूला एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर, बस्स. काही डब्यांत तर रेझिस्टरही नसायचा. रेकॉर्डरच्या इनपुटच्या रोधालाच तो समजून हिशेब केलेला. मग ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओमच्या इनपुटला लावला की फिल्टर १६० हर्ट्झवर, २० किलोओमला लावला की ८० वर आणि ४७ ला लावला की ३४ वर. डबा तोच, खटका तोच. एकजण म्हणे रेकॉर्डिंग पातळ झालं, दुसरा म्हणे काहीच फरक पडला नाही. दोघेही आपापल्या यंत्रापुरते प्रामाणिक होते.

पुढे २४ बिटांचे रेकॉर्डर आले, वर १५-२० डेसिबल मोकळे सोडणं परवडू लागलं. २०१९ मध्ये ३२ बिट फ्लोटवाले (ज्यांत नोंदीची पातळी चुकली तरी नंतर सावरता येते असे) छोटे फील्ड रेकॉर्डरही आले आणि ‘फ्लॅटच करा’ हा जणू नियम झाला. त्या यंत्रांपुरता तो बरोबरही आहे. पण हाच नियम मागे लावून जुनी मिनिडिस्क रेकॉर्डिंग ‘बिघडवलेली’ ठरवली जातात, तिथे माझा आक्षेप आहे. सप्तकाला ६ डेसिबलची उतरण उलट्या उताराने बऱ्यापैकी भरून काढता येते. तळाची खरखर थोडी वर येते, ती गर्दीच्या गोंगाटात सहसा बुडून जाते. माथे करवतीने कापल्यासारखी सपाट झालेली लाट मात्र कशानेही पूर्ववत होत नाही, आणि त्या सपाट माथ्यांवर बसलेला स्नेअर ड्रमचा ठोका कायमचा जातो.

आणखी एक गोष्ट वादात हरवते : फिल्टर साखळीत कुठे बसलाय. मायक्रोफोनवरचा किंवा डब्यातला खटका प्रीअॅम्पच्या आधी काम करतो. रेकॉर्डरच्या मेनूतला लो कट पुष्कळदा सिग्नल डिजिटल झाल्यानंतर लागतो. तोवर जे फाटायचं ते फाटून झालेलं असतं, आणि तो लावणं म्हणजे घरी संगणकावर कापण्यासारखंच. इलेक्ट्रेटची कॅप्सूलच (आवाज टिपणारा भाग) आवाजाच्या दाबाने हात टेकत असेल, तर पुढचा कुठलाच खटका कामाचा नाही. तिथे डब्यातल्या ९ व्होल्टचा उपयोग जास्त, कारण जास्त व्होल्टवर कॅप्सूल मोठा आवाज झेलते; रोल-ऑफचा नाही.