छोट्या व्यवसायाची मोबाइल वेबसाइट

छोट्या व्यवसायाची मोबाइल वेबसाइट म्हणजे एखादं दुकान, दवाखाना, वर्कशॉप, क्लास किंवा एकट्यानं चालवलेली सर्व्हिस फोनवर शोधणाऱ्याला सापडावी, हवी ती माहिती तिथल्या तिथे मिळावी आणि लगेच कॉल, मेसेज किंवा बुकिंग करता यावं यासाठी केलेली व्यवस्था. यात सर्च आणि मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल, मेसेजिंग ॲपवरचं बिझनेस खातं, सोशल मीडियाची पानं असं सगळंच येतं, पण या सगळ्याच्या मधोमध स्वतःच्या डोमेनवरची, म्हणजे आपल्या नावानं नोंदवलेल्या इंटरनेटच्या पत्त्यावरची, एक हलकी, फोनवर नीट उघडणारी साइट असायलाच हवी, बाकीच्या जागा भाड्याच्या आहेत आणि कधी हातातून जातील सांगता येत नाही.

फोनवर साइट उघडणारा माणूस वाचायला निवांत बसलेला नसतो. तो रस्त्यात असतो, रांगेत असतो, कुणाशी तरी बोलता बोलता एका हातानं फोन चाळत असतो, आणि त्याला कळायचं असतं की आत्ता उघडं आहे का, नेमकं कुठे आहे, साधारण खर्च किती येईल आणि बोलायचं कुणाशी. एवढ्या चार गोष्टी पहिल्या स्क्रीनवर किंवा फार तर एका स्क्रोलमध्ये मिळाल्या तर साइटचं मुख्य काम झालं. बऱ्याच ठिकाणी होतं उलटंच, वर मोठ्ठा बॅनर, मग आमच्याविषयी, मग मालकाचं मनोगत, आणि फोन नंबर सगळ्यात खाली, तोही बोर्डाच्या किंवा व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत.

या फोटोतल्या नंबरचंच बघा. त्यावर बोट ठेवून सहसा काही होत नाही, माणूस तो लक्षात ठेवतो, डायलर उघडतो, मधले दोन आकडे विसरतो, परत साइटवर येतो, आणि तेवढ्यात कंटाळला तर सर्चमधल्या पुढच्या नावावर जातो. तोच नंबर साध्या मजकुरात लिहून त्याला टेल प्रकारची लिंक दिली की बोट ठेवल्यावर डायलर नंबर भरूनच उघडतो, आणि लिंकमध्ये देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर असेल तर परदेशी सिमवरूनही तो बरोबर लागतो. साइट करणाऱ्याला हे काम काही मिनिटांचं आहे. पत्त्याचंही तसंच, मजकुरात पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि मॅप ॲप उघडणारी साधी लिंक एवढं पुरतं, पानातच अख्खा हलता नकाशा बसवला तर पान जड होतं आणि वर स्क्रोल करताना बोट नकाशात अडकतं ते वेगळंच.

इथपर्यंत कसं आलो

मोबाइलवर वेब हा प्रकार स्मार्टफोनच्या बराच आधीचा आहे. एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट यांनी १९९७ मध्ये वॅप, म्हणजे साध्या फोनवर इंटरनेटची पानं दाखवायची पद्धत, ठरवण्यासाठी वॅप फोरम काढला, पुढच्या वर्षी वॅपचं पहिलं स्टँडर्ड आलं, आणि १९९९ मध्ये जपानात एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीची आय-मोड ही फोनवरच्या इंटरनेटची सेवा सुरू झाली. त्या वेळी फोनसाठी अगदी वेगळी, चार ओळींची पानं लिहावी लागायची, छोट्या व्यावसायिकाला ते परवडण्यासारखं नव्हतं आणि त्याची फारशी गरजही नव्हती. २००६ मध्ये खास मोबाइल साइटसाठीचं डॉट मोबी हे डोमेन सगळ्यांना खुलं झालं, पण लगेच २००७ मध्ये आयफोन आला आणि डेस्कटॉपचीच साइट फोनवर उघडायला लागली. सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालायचा आणि ते आक्रसून छोट्या स्क्रीनवर बसवायचा, म्हणून अक्षरं मुंगीएवढी दिसायची. यावर ॲपलनं व्ह्यूपोर्ट मेटा टॅग आणला, म्हणजे पानाच्या कोडमधली एक ओळ, जी ब्राउझरला सांगते की रुंदी फोनच्या स्क्रीनएवढीच धर. आजही एखादी साइट फोनवर बारीक बारीक दिसत असली तर पहिल्यांदा हाच टॅग आहे का ते बघतात, कारण बऱ्याचदा गडबड तिथेच निघते.

मधल्या काळात दोन साइट ठेवायची पद्धत होती, एक मोठी आणि एक एम अक्षरानं सुरू होणाऱ्या पत्त्यावरची छोटी. मोठ्या कंपन्यांना ते जमलं, छोट्यांचं व्हायचं असं की मोठ्या साइटवर वेळ बदलली आणि छोटीवर जुनीच राहिली. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या डिझायनरनं एका लेखात रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन ही कल्पना मांडली, म्हणजे साइट एकच, मजकूर एकच, स्क्रीनची रुंदी बघून मांडणी आपोआप बदलते. यासाठी लागणारी सीएसएसमधली, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतली, मीडिया क्वेरी ही सोय २०१२ मध्ये वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अधिकृत शिफारस झाली. छोट्या व्यवसायाला याचा फायदा सगळ्यात जास्त झाला असं मला वाटतं, कारण एका जागी बदल केला की सगळीकडे झाला.

मग सर्चवाल्यांनीही जोर लावला. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलनं मोबाइलवरच्या सर्चमध्ये फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली, २०१६ च्या शेवटी मोबाइल-फर्स्ट इंडेक्सिंग जाहीर केलं आणि २०२३ मध्ये ते काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. याचा अर्थ गूगल आता साइटचं फोनवर दिसणारं रूप वाचतं, म्हणजे डेस्कटॉपवर सर्व्हिसची लांबलचक यादी आहे आणि फोनच्या रूपातून ती काढून टाकलीय, तर सर्चच्या दृष्टीनं ती यादी नाहीच.

वजन

सगळ्यात जास्त साइट मार खातात त्या फोटोंच्या वजनात. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि त्याचं वजन काही एमबी भरतं. ज्या फोनवर तो दिसणार त्याची स्क्रीन वेबच्या मापात जेमतेम ३६० ते ४३० पिक्सेल रुंद असते, तिपटीची डेन्सिटी, म्हणजे रुंदीत वेबच्या एका पिक्सेलमागे स्क्रीनचे तीन पिक्सेल, धरली तरी १२०० ते १३०० पिक्सेल रुंदीच्या पुढचं सगळं वाया जातं. असे आठ-दहा फोटो तसेच चढवले की ग्राहकाचा डेटा जातो, त्याचा वेळ जातो आणि नेटवर्क कमजोर असेल तर तो पांढरं पान बघून परत फिरतो. फोटो आधी लहान करून वेबपी या वजनानं हलक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचे, खालचे फोटो स्क्रोल केल्यावरच लोड होतील असं ठेवायचं, आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच लिहायची. ही शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात, मग फोटो उशिरा येतो, सगळा मजकूर एकदम खाली सरकतो आणि ग्राहकाचं बोट कॉलच्या बटणाऐवजी भलत्याच लिंकवर पडतं.

वेग मोजायला गूगलची कोअर वेब व्हायटल्स ही मापं वापरतात. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि मांडणी सरकण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा, या चांगल्याच्या मर्यादा आहेत. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या पानावर साइटचा पत्ता टाकला की हे फुकटात तपासून मिळतं. स्कोअर शंभरपैकी शंभर आणायच्या मागे लागायची मात्र गरज नाही, सरकते बॅनर, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, चॅटचा फुगा आणि न वापरलेले प्लगिन काढले तरी साइट खूप हलकी होते.

बटणं आणि अक्षरांबद्दल थोडक्यात. ॲपलच्या मार्गदर्शनात बोट लावायची जागा किमान ४४ पॉइंट, अँड्रॉइडच्या ४८ डीपी सांगितलीय (पॉइंट आणि डीपी ही त्यांची स्क्रीनवरची मापं), डब्ल्यूसीएजी २.२ या सगळ्यांना वापरता येईल अशा साइटच्या नियमावलीत अगदी कमीत कमी २४ पिक्सेल. मजकूर १६ पिक्सेलच्या खाली नको, आयफोनवर तर फॉर्मच्या रकान्यातला मजकूर त्याहून लहान असला की बोट लावताच पान झूम होतं आणि लोक गोंधळतात. अक्षरं आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, ४.५ ला १ एवढा तरी हवा, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लॅपटॉपवर छान दिसतात आणि उन्हात गायब होतात. फॉर्म ठेवायचाच असेल तर नाव, नंबर आणि काय हवंय एवढे तीनच रकाने ठेवावेत, नंबरच्या रकान्याला आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असा प्रकार द्यावा.

साइट कुणाच्या नावावर

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. डोमेन मालकाच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेलं असावं. बऱ्याचदा साइट करून देणारा ते स्वतःच्या खात्यातून घेतो, वाईट हेतू नसतो, सोयीचं पडतं म्हणून, पण पुढे तो काम सोडतो, नंबर बदलतो, रिन्यूअलची तारीख जाते आणि व्यवसायाचा अनेक वर्षांचा पत्ता दुसऱ्याच कुणाच्या हातात पडतो. होस्टिंगचा, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवलीय त्या खात्याचा, पासवर्ड, बिझनेस प्रोफाइलची मालकी, साइटचा बॅकअप हेही मालकाकडेच हवं, बनवणाऱ्याला मॅनेजर म्हणून परवानगी देता येते.

फुकटच्या जागेवर भिस्त ठेवली की काय होतं याचं ताजं उदाहरण आहे. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट एकपानी साइट बनवता यायची, असंख्य छोट्या लोकांनी तीच आपली साइट म्हणून छापून टाकली, आणि मार्च २०२४ मध्ये गूगलनं ती सोय बंद केली. काही महिने जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे पाठवलं जात होतं, मग तेही थांबलं. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते नव्या साइटकडे वळवलं, बाकीच्यांना कार्डापासून बोर्डापर्यंत सगळं परत छापावं लागलं.

याचा अर्थ प्रोफाइल नको असा अजिबात नाही. पूर्वी गूगल माय बिझनेस म्हणायचे ते हे प्रोफाइल, २०२१ पासून नाव गूगल बिझनेस प्रोफाइल, आणि जवळपास काही शोधणाऱ्याला बहुतेक वेळा साइटच्या आधी हेच दिसतं. म्हणून नाव, पत्ता, नंबर आणि वेळा प्रोफाइलवर, साइटवर आणि सोशल मीडियावर अगदी सारख्या ठेवायच्या, सुट्टीच्या दिवशीच्या वेगळ्या वेळा आधीच भरायच्या. बंद दारासमोर येऊन उभा राहिलेला ग्राहक पुन्हा त्या वेळांवर विश्वास ठेवत नाही. हीच माहिती साइटच्या कोडमध्ये स्किमा डॉट ऑर्गच्या (सर्च इंजिनला वाचता येईल अशी माहिती लिहायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) लोकल बिझनेस या साच्यात लिहिली की सर्च इंजिनला ती नीट कळते.

साइटला एचटीटीपीएस, म्हणजे माहिती मधे कुणाला वाचता येणार नाही असं सुरक्षित कनेक्शन, हवंच, जुलै २०१८ पासून क्रोम त्याशिवायच्या साइटवर सुरक्षित नाही असा शिक्का दाखवतो, आणि लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट मिळतं.

ॲप काढावं का हा प्रश्न हमखास येतो. ग्राहक रोज किंवा आठवड्यातून दोनदा येत असेल, ऑर्डर रिपीट करत असेल तर विचार करावा, वर्षातून एकदा लागणाऱ्या सर्व्हिससाठी कुणी ॲप डाउनलोड करून ठेवत नाही. मधला मार्ग म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब ॲप, साइटच असते पण होम स्क्रीनवर आयकॉन ठेवता येतो आणि नेट नसताना थोडीफार चालते. सुरुवात करणाऱ्याला त्याचीही घाई नाही, २०१८ मध्ये आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस आणि साइटवर त्याची थेट लिंक यावर बरीच कामं भागतात, फक्त उत्तर द्यायला माणूस हवा.

साइट झाल्यावर ती बनवणाऱ्याच्या नव्या फोनवर न बघता दोन-तीन वर्षं जुन्या, स्वस्त अँड्रॉइडवर, वायफाय बंद करून, घराबाहेर उन्हात उघडून बघावी आणि साइट कधी न पाहिलेल्या कुणाला तरी फोन हातात देऊन इथून वेळ विचारायला कॉल लाव एवढंच सांगावं. तो जिथे अडखळेल ती जागा दुरुस्त करायची. नंतर गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या फुकट साधनात लोक कोणते शब्द टाकून साइटपर्यंत येतात ते दिसायला लागतं, आणि त्यात एखादी अशी सर्व्हिस सापडते जी लोक शोधतायत, व्यवसाय देतोय, पण साइटवर तिचं नावच लिहिलेलं नाही, तेव्हा तिच्यासाठी एक साधं पान त्याच दिवशी जोडता येतं.