होल्डिंग मंडल (सर्किट)
दाबून सोडलेल्या बटणाने यंत्राचा वीजपुरवठा सुरू ठेवणारी आणि दुसऱ्या बटणाने तो तोडणारी रिलेची, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचची, जोडणी. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागात शेतातील मोटरीची स्टार्टर-पेटी आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील यंत्रे यांमुळे ती सर्वपरिचित आहे.

रिलेच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास क्षीण प्रवाहाने दुसरे, जोरकस मंडल चालवून दाखवले, असे बहुतेक ग्रंथ मानतात. मात्र त्यांनी पेटंट घेतले नाही; प्रयोग वर्गातील प्रात्यक्षिकांपुरता राहिला. एडवर्ड डेव्ही यांचे ब्रिटिश पेटंट १८३८ चे, तर सॅम्युएल मोर्स यांचे अमेरिकन पेटंट १८४० चे आहे. तत्त्वाचे श्रेय हेन्रींना व लेखी दाव्याचे डेव्हींना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘रिले’ ही संज्ञा टप्प्याटप्प्याला दमलेले घोडे बदलण्याच्या प्रथेवरून आली. तारायंत्रात थकलेला संदेश याच रीतीने ताजा करून पुढे धाडला जाई.

नियंत्रणाची तार ओव्हरलोड रिलेच्या (मोटरीने जादा प्रवाह घेतल्यास वीज तोडणाऱ्या रिलेच्या) ९५-९६ क्रमांकाच्या संपर्कातून लाल (बंद करण्याच्या) बटणाकडे, तेथून हिरव्या (चालू करण्याच्या) बटणाकडे आणि मग कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरीची वीज जोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या, कॉईलकडे जाते. हिरव्या बटणाचा संपर्क एरवी उघडा असतो. त्याला समांतर कॉन्टॅक्टरचाच १३-१४ क्रमांकाचा सहायक संपर्क जोडतात. बटण दाबताच कॉईल ओढते, १३-१४ जुळतो आणि बोट काढले तरी कॉईलला वीज मिळत राहते. यालाच कारागीर ‘होल्डिंग’ म्हणतात. लाईट गेली की ते सुटते. परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. एवढ्या साध्या जोडणीत एवढे मोठे संरक्षण क्वचितच मिळते.

लाल बटणाचा संपर्क एरवी जुळलेलाच हवा. त्याची तार तुटली किंवा स्क्रू ढिला झाला तर यंत्र थांबते. उलट जोडणीत हा दोष ऐन संकटातच कळेल. नियंत्रण ट्रान्सफॉर्मरचे एक टोक अर्थ केले (जमिनीशी जोडले) असल्यास दोन्ही बटणे फेजच्या बाजूला ठेवावीत, नाहीतर तार पेटीला टेकून लाल बटण निष्प्रभ ठरू शकते. २४ व्होल्ट डीसी कॉईलवर उलटा डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक) लागतो. एरवी सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका संपर्क जाळतो. एसी कॉईलसाठी रोधक-संधारित्राची (रेझिस्टर-कपॅसिटरची) जोडी वापरतात. रिलेवर छापलेले १० अँपिअर हे बहुधा हीटरसारख्या भारासाठी असतात. ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण ७-८ अँपिअर, पण थेट सुरू होताना सुमारे सहापट प्रवाह घेते. म्हणून लहान रिलेने कॉन्टॅक्टरची कॉईल चालवावी, मोटर नव्हे.

शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने, कित्येकदा रात्री येते. म्हणून शेतकरी ऑटो स्विच (वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा) बसवतो, कुठे हिरव्या बटणात काडी खोवून ठेवतो. दोन्हींत होल्डिंगचे संरक्षण जाते. वीज येताच मोटर फिरते, मग विहिरीत कोणी उतरलेला असो वा नसो. ऑटो स्विच ठेवायचाच तर त्यासोबत सिंगल-फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास मोटर थांबवणारे उपकरण) आणि काही सेकंदांचा टायमर हवा. लाल बटण फक्त कॉईल सोडते, पेटीत वीज राहतेच. मोटरीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडून फ्यूज काढून घ्यावेत.