लीद, व्हिनेगर आणि लेसची कॉलर

'रेम्ब्रांटचं गुप्त रसायन सापडलं' ही २०१९ची बातमी परवा एका ग्रुपवर पुन्हा फिरून आली. रेम्ब्रांट म्हणजे सतराव्या शतकातला डच चित्रकार, आणि बातमी होती त्याच्या चित्रांतले रंगाचे जाड, उभे राहणारे थर कसे बनले याची. गुप्त कसलं? तेल लवकर वाळावं म्हणून त्यात मुर्दाडशिंग, म्हणजे लेड ऑक्साइड, घालायची रीत चित्रकारांना आधीपासून ठाऊक होती. पण बातमीतला मूळ रंग माझा लाडका आहे: शिशाचा सफेदा, म्हणजे शिशापासून बनवलेला पांढरा रंग.

तपासलेल्या चित्रांपैकी एक मार्टेन सूलमान्सचं, १६३४ सालचं. पोरगा जेमतेम विशीतला. वडिलांचा ॲमस्टरडॅममध्ये साखर शुद्ध करायचा कारखाना. ब्राझीलहून येणाऱ्या कच्च्या साखरेमागे गुलामांची मेहनत. माणसाच्या उंचीचं, डोक्यापासून बुटांपर्यंतचं व्यक्तिचित्र हा एरवी राजेरजवाड्यांचा थाट. तो या साखरवाल्याच्या मुलाने केला. कपडे काळे, पण डोळा जातो लेसच्या रुंद कॉलरवर. हे आणि त्याच्या बायकोचं चित्र मिळून २०१६ मध्ये १६ कोटी युरोंना विकलं गेलं.

कॉलर रंगवायला खडूची पूड का चालत नाही? प्रकाश किती वळतो हे सांगणारा अपवर्तनांक खडूचा सुमारे १.६ आणि जवसाच्या तेलाचा सुमारे १.४८. दोन्ही जवळजवळचे, त्यामुळे तेलात कालवलेल्या खडूतून प्रकाश बराचसा आरपार जातो आणि रंग मळकट दिसतो. सफेद्याचा अपवर्तनांक २च्या आसपास. तिथे प्रकाश दर कणावर आपटून विखुरतो, म्हणून पातळ थरही खालचं सगळं झाकतो.

तो बनवायची डच पद्धत मला भारी आवडते. मातीच्या मडक्यात तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या पत्र्याची गुंडाळी. अशा मडक्यांचे थरावर थर, आणि भोवती घोड्याची ओली लीद. खोली बंद करून काही महिने सोडून द्यायची. लीद कुजताना तापते, त्या उबेने व्हिनेगरची वाफ होते. वाफेतलं ॲसेटिक आम्ल, हवा आणि ओलावा मिळून शिशाचं ॲसेटेट करतात. लिदीतूनच निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो (नेमकं सांगायचं तर दोन भाग कार्बोनेट, एक भाग हायड्रॉक्साइड), आणि आम्ल सुटून पुढचं शिसं खायला मोकळं होतं. म्हणून एवढ्याशा व्हिनेगरवर भागतं. उष्णता आणि वायू, दोन्ही एकट्या लिदीतून!

मग पांढरे पापुद्रे खरवडायचे, धुवायचे, दळायचे. ही धूळ मजुरांच्या पोटात जाई: पोटात कळा, लुळी मनगटं, झटके. इंग्लंडच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकात हे काम बऱ्याच अंशी गरीब बायका करत. आपला पारंपरिक शेंदूरही शिशाचाच ऑक्साइड आहे. मारुतीला खुशाल लावा, पण 'देवाचा आहे, बाधत नाही' म्हणून बाळाच्या जिभेला लावू नका. शिशाला देव कळत नाही.

रेम्ब्रांटच्या जाड थरांत सापडला तो प्लंबोनाक्राइट, हाही शिशाचा एक कार्बोनेट. तो अल्कधर्मी माध्यमात टिकतो, आणि तेलात मुर्दाडशिंग असेल तर तसं माध्यम तयार होतं. अशा तेलाने रंग लोण्यासारखा घट्ट होतो, ब्रशने उचलला की उभा राहतो.

शिसं क्ष-किरणंही अडवतं. त्यामुळे अशा चित्राचा एक्स-रे काढला, की काळं रेशीम जवळपास नाहीसं होतं आणि अंधारात उरतात चेहरा, हात आणि कॉलर.