चोखोबांची फिर्याद

पंढरपूरला महाद्वाराशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची, म्हणजे संत चोखामेळ्यांची, समाधी. ती देवळाच्या दाराबाहेर आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय चोखोबांचे अभंग पुरते कळत नाहीत. चौदाव्या शतकातले हे विठ्ठलभक्त मंगळवेढ्याचे, जातीने महार. गावची वेठबिगार करायची, मेलेली ढोरे ओढायची आणि बदल्यात उष्टेमाष्टे मिळेल ते खायचे. नामदेवांना त्यांनी गुरू मानले, पण गुरूबरोबर गाभाऱ्यात जाण्याची सोय नव्हती.

‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद। बडवे मज मारिती, ऐसा काही तरी अपराध।।’ हा त्यांचा अभंग म्हणजे सरळ फिर्याद आहे. विठोबाच्या गळ्यातला हार याच्या गळ्यात आला कसा, देव बाटवला, म्हणून शिव्या आणि मार. मारणारे देवाचे सेवेकरी, आणि दाद मागायची तीही त्याच देवाकडे. दुसरे दार होतेच कुठे?

पण त्याच चोखोबांच्या दुसऱ्या एका अभंगात वेगळा सूर लागतो. पूर्वजन्मी आपल्या हातून कृष्णनिंदा घडली, म्हणून महाराचा जन्म आला. ‘आम्हा पूर्वीचे हे फळ’. देव अन्यायी नाही हे टिकवायचे तर अपराध आपल्याच माथी घ्यावा लागतो, तो असा. कर्मविपाकाच्या हिशेबात निरपराध माणसाला जागाच नसते. आज वाचताना हा अभंग मला मारापेक्षाही जास्त लागतो.

घरात मात्र सगळ्यांनी तो हिशेब मान्य केला नव्हता. पत्नी सोयराबाई विचारतात, देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण? मुलगा कर्ममेळा तर बापाइतका सोसणारा नाही. ‘आमुची केली हीन याती। तुज का न कळे श्रीपती।।’ असे देवालाच सुनावतो आणि उष्टे खाण्यात जन्म गेला, तुझ्या चित्ताला लाज कशी वाटत नाही, म्हणतो. तरीही या घरातल्या कोणी विठ्ठलाशी बोलणे तोडलेले दिसत नाही. वारकरी परंपरेने हे भांडणही भक्ती म्हणूनच जपले.

देवाने न्याय केला, हे सांगायचे काम पुढे कथांनी केले. संतचरित्रकार महिपतींनी १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या भक्तविजयात देव चोखोबांच्या पंगतीला जेवायला बसतो. वाढताना सोयराबाईंच्या हातून देवाच्या पीतांबरावर दही सांडते. चोखोबा तिला बोल लावतात, ते ऐकून पुजारी चोखोबांच्या थोबाडीत मारतो. देवळात येऊन बघतो तर पीतांबरावर दही आणि मूर्तीचा गाल सुजलेला. कथा गोड आहे खरी, पण ती संपल्यावरही चोखोबा बाहेरच असतात.

मृत्यूही वेठीच्या कामावरच आला. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी वेचून आणली आणि महाद्वाराशी समाधी दिली, असे परंपरा सांगते.

पुढची सहाशे वर्षे त्यांच्या जातीच्या वारकऱ्याची वारी त्या समाधीपाशीच थांबत राहिली. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर १० मे रोजी त्यांनी ते सोडले. फिर्याद देवाकडे होती. निकाल माणसांकडून वदवून घ्यावा लागला.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप नेमका इथे होता. जातिनिर्मूलनावरून गांधीजींना उत्तर देताना त्यांनी म्हटले, की संतांना माणसामाणसांतल्या झगड्याशी कर्तव्य नव्हते, त्यांचा प्रश्न माणूस आणि देव यांच्यातला होता. तरी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या संतांच्या स्मृतीला अर्पण केला. आठ वर्षांनी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महार समाजातल्या असंख्य घरांनी विठ्ठलाकडे दाद मागणेच सोडून दिले.