वजन उतरवलेली गाडी आणि पॉवर वाढवलेली गाडी

"अण्णा, वजन उतरवलं काय अन् पॉवर वाढवली काय, एकच की ओ." होटगी रोडच्या आमच्या गॅरेजात ऑटोक्रॉसचं, म्हणजे घड्याळाविरुद्ध वळणावळणांतून गाडी पळवण्याच्या खेळाचं, वेड लागलेली पोरं येतात, त्यांच्यातल्या निम्म्यांकडून तरी मी हे ऐकलं आहे. कागदावर त्यांचा हिशेब चुकत नाही. पण ट्रॅकवर या दोन गोष्टी वेगळ्या वागतात, आणि पैसे मोजके असतात तेव्हा तो फरक माहीत असायलाच हवा.

आधी हिशेब. जुनी १.३ पेट्रोल स्विफ्ट घेऊ, २००५ साली आली ती. कंपनीचा आकडा ८७ बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचं माप). अर्ध्या टाकीसह गाडी १,०२० किलो, चालवणारा ७० किलो. एकूण १,०९० भागिले ८७, म्हणजे एका बीएचपीच्या वाट्याला साडेबारा किलो. यातले ६० किलो उतरवले तर वाटा पावणेबाराच्या जरा वर येतो. वजन तसंच ठेवून हाच आकडा गाठायचा तर इंजिनातून ९२ बीएचपी काढावे लागतील. थोडक्यात, ६० किलो उतरवणं म्हणजे ५ बीएचपी वाढवणं. सरळ रेषेत, पकड पुरेशी असताना, दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच पळतील. ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत, हे समीकरण बरंच खरं ठरतं.

ऑटोक्रॉसमध्ये सरळ रेषा असते कुठे? रस्ता दाखवायला शंकू (कोन) मांडलेले असतात, गाडी एकेकटी घड्याळाशी लढते, आणि जेमतेम मिनिटभराचा खेळ बहुतेक दुसऱ्या गिअरमध्येच संपतो. त्या मिनिटात पाय पूर्ण दाबलेला असतो तो थोडाच वेळ. बाकी वेळ ब्रेक, वळण, पुन्हा उलटं वळण. वाढवलेली पॉवर फक्त त्या थोड्या वेळात कामाला येते. उतरवलेलं वजन पूर्ण मिनिटभर कामाला येतं.

सोलापूरच्या माणसाला हे मागावरून चटकन कळेल. धोटा (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) जड असला तर मोठी मोटार लावून तो जोरात फेकता येईल. पण दुसऱ्या टोकाला तो थांबवायचा कुणी? थांबवून लगेच परत फिरवायचाही आहे. मोटार फेकण्यापुरती. धोटा हलका असला तर फेकणं, थांबवणं, परत फिरवणं तिन्ही सोपं होतं. गाडीचंही तसंच आहे. त्याच वेगावर वजन दहा टक्क्यांनी कमी, तर ब्रेकना जिरवायची ऊर्जाही दहा टक्क्यांनी कमी.

वळणाचं गणित जरा नीट समजून घ्यायला लागतं. शाळेत शिकलेलं घर्षण आठवलं तर वाटेल, वजन कमी झालं की पकडही त्याच प्रमाणात कमी होणार, मग फायदा कसला? रबरी टायर त्या नियमाने वागत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. वळणात बाहेरच्या दोन टायरांवर भार जातो, आणि तिथेच हे नुकसान होतं. हलक्या गाडीचे टायर कमी दबलेले असतात, म्हणून प्रत्येक किलोमागे त्यांची पकड थोडी जास्त मिळते. त्यामुळे तेच टायर असूनही हलकी गाडी शंकूला वळसा घालताना जास्त वेग धरू शकते.

पॉवर मात्र वळणातून बाहेर पडताना कधीकधी उलटीच अंगावर येते. पुढची चाकं ओढणारी गाडी, साधा डिफरन्शिअल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग). वळणात आतलं चाक हलकं झालेलं असतं. तिथे जादा ताकद दिली की तेच चाक जागेवर फिरतं, टायरचा धूर निघतो आणि सेकंद वाया जातात.

आता आपल्या गावाची गोष्ट. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच, आणि मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो. समुद्रसपाटीवरच्या २५ अंशांच्या हवेपेक्षा ही हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाचे ८७ पैकी सात-आठ बीएचपी तिथेच जातात. बॉनेटखालची गरम हवा आत ओढली गेली तर आणखी. ही तूट सगळ्याच स्पर्धकांना असते हे खरं, पण खर्च करून कमावलेले ५ बीएचपीही त्याच उन्हात आटतात. उतरवलेले ६० किलो जानेवारीत जेवढे, तेवढेच मे महिन्यात.

मग सगळं काढूनच टाकायचं का? इथे नियमपुस्तक उघडायचं. आपल्याकडे एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखालच्या स्पर्धांत गट बहुधा इंजिनाच्या सीसीवर पडतात, आणि काय बदलायची मुभा आहे ते त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. गाडीला हात लावण्याआधी ती ओळ न् ओळ वाचा. अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबचा स्ट्रीट गट, म्हणजे जवळपास मूळ रूपातल्या गाड्यांचा गट, बघण्यासारखा आहे. सीट, एसी काढायचे नाहीत. स्टेपनी, जॅक, हत्यारं मात्र उतरवता येतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागचा सायलेन्सर बदलता येतो. रिमची रुंदी मूळचीच, व्यास इंचभर इकडेतिकडे चालतो, पण रिम किती हलकी यावर बंधन नाही. म्हणजे दोन्ही वाटा बऱ्याचशा बंद, तरी वजनाच्या बाजूला फट थोडी मोठी आहे. काही मोकळ्या गटांत किमान वजन ठरवून दिलेलं असतं. तिथेही वजन उतरवणं वाया जात नाही, कारण कमी पडणारे किलो शिसं किंवा लोखंड लावून भरताना ते जमिनीलगत आणि हव्या त्या टोकाला पक्के बोल्ट करता येतात.

हवं ते टोक म्हणजे कोणतं, हे मला वजनकाट्यावर कळलं. उसाच्या ट्रॉल्या जिथे मोजतात, त्याच काट्यावर हंगाम संपल्यावर आम्ही एक स्विफ्ट नेली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर सपाट काँक्रीटवर. काटा दहा-दहा किलोने सरकतो, पण एवढ्या कामाला पुरतो. आधी एकूण १,०२०, त्यातले पुढे ६४०. स्टेपनी, मागची सीट, डिकीतला स्पीकरचा डबा आणि थोडं पेट्रोल काढून पुन्हा मोजली: एकूण ९६०, पुढे ६३०. साठ किलो गेले, पण त्यातले पन्नास मागचे. पुढचा हिस्सा शंभरात ६३ वरून जवळजवळ ६६ वर गेला. ती गाडी सुटायची झकास, पण जोरात ब्रेक दाबला की शेपूट हलवायची. मालकाला वाटलं ब्रेकच बिघडले. शेवटी मागच्या टायरची हवा आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्यावर दोन रविवार घालवले तेव्हा ती ताळ्यावर आली. म्हणून किती उतरवलं याच्याबरोबर कुठून उतरवलं तेही वहीत लिहा. पुढचे पाच किलो मिळत असतील तर मागच्या दहांपेक्षा मला ते जास्त प्यारे.

दोन गोष्टींना मात्र वजनाच्या नावाखाली हात लावू नका. एक रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा), दुसरी सीटबेल्टची बैठक. आणि त्याच गाडीने पुण्याला स्पर्धेला जाणार असाल तर स्टेपनी, जॅक बरोबर घ्या, ट्रॅकवर पोचल्यावर उतरवा. मोहोळच्या पुढे भर उन्हात टायर फुटला तर हलक्या गाडीचा काही उपयोग नाही.

आधी कुठे खर्च करू, असं विचारलं तर मी चाकांकडे बोट दाखवतो. चाक पुढेही जातं आणि स्वतःभोवती फिरतंही. त्यामुळे रिमच्या अगदी कडेचा एक किलो पळवायला जवळजवळ दीड किलोइतकी ताकद घेतो. शिवाय ते वजन स्प्रिंगच्या खाली असतं, म्हणून खड्ड्याखळग्यांत टायर जमिनीला चिकटून ठेवणंही अवघड करतं. गॅरेजात एक लटकता काटा टांगलेला आहे. नवी रिम घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी जुनी रिम त्याला अडकवायला लावतो. दिसायला देखणी, रुंद अलॉय कधीकधी मूळच्या लोखंडी रिमपेक्षा जड भरते.