काचेला थांबायला जागा हवी

गेल्या उन्हाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा केला, तेव्हा एका लाकडी खोक्यात भाताच्या पिंजरात रुतवून ठेवलेल्या कंदिलाच्या सहा काचा मिळाल्या. सोबत ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाचा गंजलेला सांगाडा. ओगल्यांचा काचकारखाना 1916 सालचा, आणि कराडचं स्टेशन ओगलेवाडीलाच आहे, आपल्या बेळगाव-मिरज-पुणे मार्गावर. काचा रेल्वेनंच आल्या असाव्यात. पन्नासेक वर्षं त्या माळ्यावर पडून होत्या आणि एकीलाही तडा नव्हता.

त्यांतल्या दोन मी ऑनलाइन विकल्या. बबल रॅपचा एकेक वेढा दिला, नेमक्या मापाचा खोका शोधला, दोन्ही शेजारी-शेजारी बसवल्या आणि पुण्याला पाठवल्या. पोचला तो चुरा. पिंजरात पन्नास वर्षं टिकलेली काच माझ्या हातून दोन दिवस टिकली नाही, हे मनाला फार लागलं. मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. मग चूक कुठे झाली ते नीट शोधून काढायचं ठरवलं.

काच नाजूक असते असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. काच दाब उत्तम सोसते. तिला सोसत नाही तो ताण, म्हणजे ओढ. वाकवली की एका बाजूला दाब येतो, दुसऱ्या बाजूला ताण, आणि ताणाच्या बाजूनं ती जाते. तेही पूर्ण काच एकदम जात नाही. इंग्लंडमधल्या ए. ए. ग्रिफिथ या इंजिनियरनं 1920 च्या सुमारास काचेचे बारीक धागे ओढून त्यांची ताकद मोजली. धागा जितका बारीक, तितकी त्याच्या जाडीच्या मानानं ताकद जास्त. नुकत्याच ओढलेल्या बारीक धाग्याची ताकद तर साध्या काचेच्या कितीतरी पट भरली. कारण त्यानं असं मांडलं, की साध्या काचेत डोळ्याला न दिसणारे ओरखडे असतात. ताण द्यायला लागलं की तो सगळीकडे सारखा राहत नाही, ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो. तिथून तडा सुटला की सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगानं धावतो. काच कापणारा कारागीर हिऱ्याची एक रेघ ओढून हलकेच वाकवतो आणि काच त्या रेघेवर मोडते, ती याच नियमानं.

म्हणजे माझी पहिली चूक होती दोन काचा शेजारी ठेवणं. मध्ये पातळ बबल रॅप होतं, ते घासून फुटलं आणि काचेला काच लागली. दोन गोल पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते जवळजवळ एका बिंदूत, आणि सगळा दाब त्या बिंदूवर येतो, त्याच्या कडेनं ताण येतो. या गोष्टीचं गणित हाइनरिश हर्ट्झनं 1881 मध्ये मांडलं, तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. त्याला तो प्रश्न पडला होता काचेचीच भिंगं एकमेकांवर दाबताना. पुढे रेडिओलहरींमुळे त्याचं नाव घरोघरी गेलं, पण पार्सल बांधणाऱ्यानं त्याला या कामासाठी आठवावं.

खडेबाजारात बांगड्या विकणाऱ्या एक मावशी आहेत. दुसरं पार्सल घेऊन जाताना त्यांच्याकडे थांबलो. त्यांनी खोका कानाशी धरून हलवला आणि म्हणाल्या, “आत हलूलंय गा काहीतरी. हे नको पाठवू.” त्यांच्या फळीवर बांगड्या दोऱ्यात ओवून घट्ट आवळलेल्या होत्या. एकीला दुसरी टेकलेली, तरी शाबूत. कारण त्या एकमेकींवर आपटत नाहीत, सगळ्या मिळून एकच वस्तू झालेल्या असतात. कंदिलाच्या काचेला असं आवळता येत नाही. तिचं पोट फुगीर असतं, दोन्ही बाजूंनी दाबलं की ती अंडाकृती होऊ बघते आणि दाबलेल्या जागी आतून ताण येतो. म्हणून तिला वेगळंच ठेवायचं आणि खोक्यात हलूही द्यायचं नाही.

आता पडण्याचं बघू. पार्सल कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून, निसटलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी 16 किलोमीटर असतो. सायकलचा वेग. या वेगानं काच फुटत नाही, फुटते ती थांबताना. काच एका मिलिमीटरात थांबली, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या हजारपट जोर येतो. पाच सेंटिमीटरांत थांबली तर वीसपट. दीडशे ग्रॅमची काच धरा: पहिल्या वेळी तिच्यावर दीडशे किलो, म्हणजे तांदळाची पन्नास किलोची तीन पोती, दुसऱ्या वेळी तीन किलो. उंची तीच, काच तीच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. पॅकिंग म्हणजे हे अंतर. माझ्या नेमक्या मापाच्या खोक्यात ते नव्हतंच.

पण नुसती जागा असून भागत नाही, ती भरणारी वस्तूही बरोबर लागते. कापूस फार मऊ पडतो, तो पूर्ण दबून जातो आणि काच शेवटी पुठ्ठ्यावर आदळते. कडक थर्माकोल हलक्या काचेखाली दबतच नाही. मधलं काहीतरी हवं. बबल रॅप त्या मधल्यांतलं आहे, आणि ते 1957 मध्ये अमेरिकेत भिंतीला लावायचा उठावदार कागद करायच्या नादात जन्मलं. मला मात्र चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद जास्त भरवशाचा वाटतो. त्याचा बोळा म्हणजे बहुतांश हवाच. दबताना त्याच्या घड्या मोडतात, कागद कागदावर घासतो आणि धक्क्याची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. पिंजर हेच काम करतं. बोळे मात्र दर वेळी नवे घ्यावेत, एकदा दबलेल्या बोळ्यात पूर्वीचा उभार राहत नाही.

खोक्याबद्दल वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि खूप आनंद झाला. नळ्यांसारख्या चुण्या घातलेला जो पुठ्ठा आज प्रत्येक पार्सलाला असतो, त्याचं पेटंट 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सनं घेतलं. तो पुठ्ठा कशाला गुंडाळायचा, तर बाटल्यांना आणि कंदिलाच्या काचांना! तीनच वर्षांनी ऑलिव्हर लाँगनं त्या चुण्यांना दोन्ही बाजूंनी सपाट कागद चिकटवला आणि आपल्या आजच्या खोक्याचा पुठ्ठा तयार झाला.

या खोक्याचा शत्रू आपल्याकडे ठरलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात भिंतींनाही ओल येते. कागद म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना धरून बसलेले. बाष्प मध्ये शिरलं की ती पकड सैल होते. हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याची भार सोसण्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. वर चार पार्सलं रचली की तो बसतो. म्हणून पावसात तीन प्लायऐवजी पाच प्लायचा, म्हणजे कागदाच्या पाच थरांचा, खोका घ्यावा, नवा घ्यावा, आणि आतलं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावं.

दुसरी दोन पार्सलं मी अशी केली. काचेच्या पोटात कागद सैलसर भरला, ठासला नाही. प्रत्येक काचेला बबल रॅपचे तीन वेढे दिले आणि ती एका लहान खोक्यात उभी ठेवली. हा खोका मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंना चार-चार बोटं बोळे. झाकण बंद करताना बोळे किंचित दाबले जातील इतके भरले. टेप मधल्या सांध्यावर आणि दोन्ही कडांवर लावला. कुरियरवाले वजनाबरोबर आकारमानाचाही हिशेब लावतात, त्यामुळे पैसे जास्त पडले, पण ते मी विक्रीच्या किमतीतच धरले होते. निघण्याआधी मावशींकडे दोन्ही खोके हलवून घेतले.

चौथ्या दिवशी निपाणीच्या गिऱ्हाइकानं फोटो पाठवला. बाहेरच्या खोक्याचा एक कोपरा दोन बोटं आत चेपला होता. आतला खोका होता तसा, आणि काचेवर कारखान्याचा शिक्का स्वच्छ वाचता येत होता.